लिमिट वाढवली, अलर्ट थांबले, महिन्याने परत सुरू

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते कळेल.

ग्राहकांची माहिती असलेल्या सिस्टिमवर एक नियम लावलेला असतो: एका कर्मचाऱ्याने दिवसात ५० पेक्षा जास्त ग्राहकांची रेकॉर्ड उघडली की अलर्ट. पहिल्या आठवड्यात रोज दहा-बारा अलर्ट येतात. टीम लीडला विचारलं की उत्तर येतं, “काम होतं.” हेच उत्तर दहादा ऐकून झालं की कोणीतरी लिमिट ८० वर नेतं. शांतता. मग बिलं निघायची तारीख येते, किंवा सेवा बंद पडून फोनचा पूर लोटतो, आणि एका दुपारीच अलर्टचा ढीग. लिमिट १२५. पुन्हा शांतता. पुढच्या महिन्यात ये रे माझ्या मागल्या.

आमच्याकडे हा खेळ दीड वर्ष चालला. थांबला तो एका तक्रारीने. एका बाईंनी कळवलं की त्यांचा नवा पत्ता त्यांच्या विभक्त नवऱ्याला समजला आहे, आणि तो पत्ता त्यांनी आमच्याशिवाय फार थोड्या ठिकाणी दिला होता. त्यांचा प्रश्न साधा होता: माझं रेकॉर्ड कोणी कोणी उघडलं?

अलर्टच्या यादीत त्यांच्या रेकॉर्डचा उल्लेखही नव्हता. असणार कसा? ज्याने कोणी पाहिलं असेल, त्याने त्या दिवशी नेहमीच्या कामाव्यतिरिक्त एकच रेकॉर्ड उघडलं असेल. लिमिट ५० ची असो की १२५ ची, त्याच्या वाटेत ती येतच नाही. दीड वर्ष आमची लिमिट फक्त भरपूर काम करणाऱ्यांना पकडत होती.

तेव्हा आकडा वरखाली करून हे दुखणं जाणार नाही. ‘किती रेकॉर्ड उघडली’ हे मोजणं सोपं असतं म्हणून आपण ते मोजतो. कळायला हवं ते ‘कोणत्या कामासाठी उघडलं’, आणि बहुतेक लॉगमध्ये (सिस्टिम आपोआप ठेवते त्या नोंदवहीत) ते लिहिलेलंच नसतं. पुढचं सगळं हे उत्तर लॉगमध्ये आणण्याबद्दल आहे.

लिमिटला हात लावण्याआधी ही चाचणी करा

चाचणीसाठी एक खोटा ग्राहक तयार करा. नाव असं ठेवा की ते दुसऱ्या कुणाचं असणारच नाही. मग एक कोरा कागद घ्या, घड्याळ समोर ठेवा, आणि त्या ग्राहकाची माहिती जितक्या वाटांनी दिसू शकते तितक्या वाटांनी पाहा. प्रत्येक वेळी कागदावर वेळ आणि वाट लिहा. दुसऱ्या दिवशी ज्याच्या हातात लॉग आहे त्याला फक्त ग्राहकाचं नाव द्या. कागद दाखवू नका. त्याला विचारा, “काल हे रेकॉर्ड कोणी, कधी, कुठून पाहिलं?”

त्याची यादी आणि तुमचा कागद शेजारी ठेवलात की खरा आजार दिसतो. आम्हाला अर्ध्याहून कमी वाटा जुळल्या.

सर्वात मोठं भोक शोधाच्या यादीत निघालं. नाव टाकून शोधलं की वीस ओळी यायच्या, आणि प्रत्येक ओळीत नाव, फोन, जन्मतारीख, पत्त्याचा पहिला भाग. ज्याला पत्ता हवा आहे त्याला रेकॉर्ड ‘उघडायची’ गरजच नाही, आणि आमचा लॉग तर रेकॉर्ड उघडलं की लिहायचा. यादी दाखवणं म्हणजे उघडणं नव्हे, असं सिस्टिम बनवणाऱ्याने कधीतरी ठरवलेलं. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही, कारण त्या काळी यादीत फक्त नाव दिसायचं. बाकीचे रकाने पुढे कोणाच्या तरी सोयीसाठी वाढत गेले.

या वाटा हमखास सुटतात: नावावर माउस नेला की उघडणारं छोटं कार्ड, छापायची प्रत, रिपोर्ट, एक्स्पोर्ट केलेली फाइल, मोबाइल ॲप, दुसरी सिस्टिम एपीआयमधून माहिती ओढते ती वाट, तिकिटाला (ग्राहकाच्या एकेका कामाच्या नोंदीला) जोडलेले स्क्रीनशॉट, आणि चाचणीच्या सर्व्हरवर ठेवलेली खऱ्या डेटाची नक्कल. या शेवटच्या ठिकाणाकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. तिथे ना लॉग असतो ना लिमिट, आणि पासवर्ड अर्ध्या टीमला तोंडपाठ असतो.

डेटाबेसच्या पातळीवरचा एक गैरसमज इथेच काढून टाकतो. “आमच्या डेटाबेसचं ऑडिट चालू आहे,” असं ऐकलं की आधी विचारा, वाचनाचं की बदलाचं? बऱ्याच ठिकाणी फक्त बदल नोंदले जातात: कोणी काय भरलं, काय पुसलं. नुसतं वाचणं नोंदवायला वेगळी व्यवस्था लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यासाठी पीजीऑडिट नावाचं एक्स्टेन्शन बसवतात. पण तेही क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) कोणती चालली आणि कोणत्या टेबलावर चालली एवढंच सांगतं. त्या क्वेरीतून नेमक्या कोणत्या ग्राहकांच्या ओळी बाहेर आल्या हे त्यात नसतं. म्हणून ‘हे रेकॉर्ड कोणी पाहिलं’ याचं उत्तर डेटाबेसच्या लॉगमधून काढण्याची जिद्द धरू नका. ते ॲप्लिकेशनमध्येच, माहिती पडद्यावर पाठवण्याच्या क्षणी, लिहिलं गेलं पाहिजे. डेटाबेसचा लॉग हवाच, पण तो ॲप्लिकेशनला बगल देऊन थेट आत शिरणाऱ्यांसाठी.

लॉगमध्ये नाव आहे, पण कोणाचं?

त्या बाईंच्या तक्रारीचं पुढे काय झालं ते सांगतो. स्क्रीन उघडल्याची नोंद तीन वेळा सापडली. दोन वेळा त्यांनी स्वतः फोन केला होता. तिसऱ्या नोंदीत एका काउंटरचं लॉगिन होतं, माणसाचं नाही. ते लॉगिन पाच जण वापरायचे. दर वेळी आत-बाहेर करण्यात वेळ जातो म्हणून कधीतरी ‘तात्पुरतं’ दिलेलं. पाचांपैकी कोण, हे आम्ही त्या बाईंना सांगू शकलो नाही. आजही सांगू शकत नाही.

हे फक्त आमचंच दुर्दैव नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००८ साली फिनलंडविरुद्ध एक निकाल दिला. एका सरकारी रुग्णालयातली परिचारिका तिथेच एचआयव्हीवर उपचार घेत होती. सहकाऱ्यांनी आपली फाइल पाहिली असा तिला संशय होता. पण रुग्णालयाच्या व्यवस्थेत फक्त शेवटची पाच वाचनं दिसत, तीही विभागाच्या नावाने, माणसाच्या नावाने नव्हे. फाइल संग्रहात परत गेली की तेवढीही नोंद पुसली जाई. कोणी पाहिलं हे तिला सिद्ध करता आलं नाही, आणि देशातल्या न्यायालयांत ती हरली. युरोपीय न्यायालयाने मात्र उलट बाजूने पाहिलं: नोंदच नीट ठेवली नाही म्हणून तिच्या खासगीपणाचं रक्षण झालं नाही, आणि याची जबाबदारी राज्याची. लॉग अपुरा असणं हाच दोष ठरला.

सामायिक लॉगिन बंद करायला गेलात की विरोध होतो, आणि तो बहुधा रास्त असतो. काउंटरवर रांग असताना दर वेळी चौदा अक्षरी पासवर्ड कोण टाकेल? आमच्याकडे ओळखपत्र टेकवलं की लॉगिन आणि उचललं की लॉक, अशी सोय केल्यावरच सामायिक खातं गेलं. त्याआधी तीन परिपत्रकं काढून झाली होती. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

दुसरा प्रकार जास्त छुपा आहे. ॲप्लिकेशन डेटाबेसशी एकाच खात्याने बोलतं. हजार माणसं ॲप्लिकेशन वापरतात, डेटाबेसच्या लॉगमध्ये मात्र सगळीकडे एकच नाव. हे सुधारायला प्रत्येक विनंतीबरोबर खऱ्या माणसाची ओळख खाली पोचवावी लागते. ओरॅकलमध्ये त्यासाठी क्लायंट आयडेंटिफायर आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून सेशन कॉन्टेक्स्ट आहे, पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनपुरता बदलता येणारा सेटिंगचा मार्ग आहे. एक खबरदारी घ्या. कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसची ठरावीक कनेक्शनं आळीपाळीने वापरायच्या व्यवस्थेत, तेच कनेक्शन पुढच्या माणसाला मिळतं. आधीच्याची ओळख पुसायची राहिली तर लॉग ठामपणे चुकीच्या माणसाचं नाव घेईल. निनावी लॉगपेक्षा हा लॉग वाईट. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मध्यरात्रीचे अलर्ट

यावर फार वेळ घालवू नका. ‘रात्री रेकॉर्ड उघडलं’ हा अलर्ट दर रात्री साधारण त्याच वेळी येत असेल, तर आधी घड्याळ पाहा. एक सर्व्हर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितो, दुसरा स्थानिक वेळेत, आणि जोडणाऱ्याने दोन्ही एकच समजलेले असतात. सगळीकडे यूटीसीतच लिहा, एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या सोयीने) घड्याळं जुळवा, स्थानिक वेळ फक्त दाखवताना करा. तरीही अलर्ट उरला तर तो बहुधा रात्री आपोआप चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे जॉब असतो, आणि त्याचं स्वतःचं खातं असायला हवं.

कामाशी सांधा जोडणं

आता मुख्य गोष्ट. कर्मचारी ग्राहकाचं रेकॉर्ड उघडतो त्याला सहसा काही निमित्त असतं: फोन आला, तिकीट वाट्याला आलं, अर्ज तपासायला आला. ही निमित्तं दुसऱ्या कुठल्या तरी सिस्टिममध्ये आधीच नोंदलेली असतात. तेव्हा दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या. एकीकडे ‘कोणी, कोणाचं रेकॉर्ड, कधी’, दुसरीकडे ‘कोणाला, कोणत्या ग्राहकाचं काम, कधी मिळालं’. माणूस आणि ग्राहक दोन्ही जुळले आणि वेळ आसपासची असली, की ते उघडणं समजलं. त्यावर अलर्ट नको, मग तो माणूस दिवसात दोनशे रेकॉर्ड उघडो. जे जुळत नाही तेवढंच उरतं.

कॉइनबेस या क्रिप्टोचलनाच्या कंपनीने मे २०२५ मध्ये जाहीर केलं की परदेशातल्या काही सपोर्ट एजंटना लाच देऊन ग्राहकांची माहिती काढून घेतली गेली. ६९,४६१ ग्राहकांची माहिती गेली, आणि गुन्हेगारांनी २ कोटी डॉलर मागितले. या एजंटना सिस्टिममध्ये शिरायची परवानगी होती, त्यांनी काही फोडलं नव्हतं. कंपनीने त्या वेळी हेही सांगितलं की कामाची गरज नसताना माहिती पाहिल्याचे प्रकार त्यांच्या देखरेखीला आधीच्या महिन्यांत दिसले होते. ‘कामाची गरज नसताना’ हे ओळखायचं तर कामाची यादी शेजारी हवीच.

पहिल्या दिवशी जोडणी केलीत की न जुळणाऱ्यांचा डोंगर दिसेल. घाबरू नका. त्यातला बराचसा निरपराध असतो आणि गठ्ठ्याने सुटतो. एकदा सगळा डोंगर हाताने उपसा. कंटाळवाणं आहे, पण इथेच तुमची संस्था खरोखर कशी चालते ते कळतं.

आम्हाला काय काय सापडलं? गुणवत्ता तपासणारे लोक दुसऱ्यांचे फोन ऐकतात आणि त्या ग्राहकांची रेकॉर्ड उघडतात. त्यांच्या नावावर तिकीट नसतं, पण तपासायच्या फोनची यादी असते. ती जोडली, ते सुटले. हिशेब जुळवणाऱ्यांना रोज सकाळी एक फाइल येते. ती जोडली, ते सुटले. टीम लीड सहकाऱ्याच्या मदतीला धावतो तेव्हा तिकीट सहकाऱ्याच्या नावावर असतं. तिथे ‘त्याच टीममधलं कोणाचंही तिकीट’ एवढी सूट फक्त लीडला दिली. सरसकट सगळ्या टीमला देण्याचा मोह होतो. देऊ नका, कारण आपला शेजारी कोणाचा नातेवाईक आहे हे त्याच टीममधल्या माणसांना ठाऊक असतं.

मग नामसाधर्म्य. फोनवर नाव सांगितलं, एकाच नावाचे चार ग्राहक निघाले, पहिली दोन रेकॉर्ड चुकीची उघडली गेली. याची खूण लॉगमध्ये स्पष्ट असते: काही सेकंदांत बंद, आणि मिनिटाभरात त्याच नावाचं बरोबर रेकॉर्ड उघडलं, ज्याला तिकीट आहे. हा नमुना वेगळा काढा. पण पूर्ण माफ करू नका. कारण आमच्याकडे एकाने हीच पळवाट शोधली होती: आधी हवं ते रेकॉर्ड, मग त्याच नावाच्या दुसऱ्या ग्राहकाचं खरं काम. महिन्याची बेरीज केली तेव्हा तो एकटाच सारखा ‘चुकत’ होता.

‘रेकॉर्ड का उघडताय?’ असं विचारून यादीतून कारण निवडायला लावणारी खिडकी बरेच जण सुचवतात. आम्हीही लावली. पंधरा दिवसांत यादीतलं पहिलं कारण सगळ्यांचं कारण झालं. मोकळी जागा ठेवली तर त्यात एक टिंब. माणसाला विचारून मिळालेलं कारण आणि काम करता करता आपोआप नोंदलेलं कारण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिकिटाच्या स्क्रीनवरूनच रेकॉर्ड उघडण्याची सोय द्या, म्हणजे तिकिटाचा क्रमांक आपसूक लॉगमध्ये जाईल आणि कर्मचाऱ्याचा वेळही वाचेल. जे तिकिटाशिवाय थेट शोधून उघडतात, त्यांच्यापुरतीच ती खिडकी ठेवा.

आणि हो, स्वतःच तिकीट बनवून रेकॉर्ड उघडणारे निघतील. तिकीट आहे, पण त्याआधी ग्राहकाचा ना फोन ना ईमेल, आणि तिकीट दोन मिनिटांत त्याच माणसाने बंदही केलं. असं तिकीट कारण म्हणून धरू नका.

कारण नोंदवण्याचा आणखी एक फायदा आहे, जो आम्हाला उशिरा उमगला. फिनलंडमधल्या एका बँकेचा कर्मचारी तिथलाच ग्राहकही होता. आपलं खातं कोणी पाहिलं, असं त्याने विचारलं. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि जून २०२३ मध्ये निकाल आला: माहिती कधी आणि कोणत्या हेतूने पाहिली गेली हे कळण्याचा ग्राहकाला हक्क आहे, मात्र स्वतःचे हक्क बजावण्यासाठी अत्यावश्यक असल्याशिवाय पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावं मिळण्याचा नाही. तिथे ‘काम होतं’ असं उत्तर देऊन चालणार नाही.

उरलेल्यांमधून कोणाकडे आधी पाहायचं

गठ्ठे सुटल्यावर जे उरतं ते रोज एका माणसाला चाळता येईल इतपत असावं. नसेल तर अजून एखादा कामाचा प्रवाह जोडायचा राहिला आहे. उरलेल्यांत कर्मचारी आणि ग्राहक यांच्यात काही धागा आहे का ते पाहा. पत्ता एकच आहे का, ग्राहकाचा फोन नंबर कर्मचाऱ्याच्या आपत्कालीन संपर्कात आहे का, ग्राहक स्वतः आपलाच सहकारी आहे का. नुसतं आडनाव जुळलं म्हणून सुतावरून स्वर्ग गाठू नका. सर्वात जास्त चोरून पाहिली जातात ती सहकाऱ्यांची रेकॉर्ड, निदान आमच्याकडे तरी. स्वतःचं रेकॉर्ड पाहणारेही भरपूर. तो नियमभंग असला तरी त्याची यादी निराळी ठेवा, नाहीतर गंभीर प्रकार त्यात बुडतात.

नामवंतांची यादी करून तेवढ्यांवर पहारा ठेवायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात मार्च २००८ मध्ये ओबामा, हिलरी क्लिंटन आणि मॅकेन या अध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या पासपोर्टच्या फाइली कंत्राटी आणि इतर कर्मचाऱ्यांनी उघडल्याचं बाहेर आलं. त्यांच्या नावांना खूण लावलेली असल्यानेच ते कळलं. त्यानंतर खात्याच्या महानिरीक्षकांनी १५० प्रसिद्ध व्यक्तींची नावं घेऊन पाहिलं, तर १२७ जणांच्या फाइली आधीच्या साडेपाच वर्षांत निदान एकदा उघडल्या गेल्या होत्या. खूण लावणं उपयोगी आहेच, पण विभक्त नवऱ्यापासून पत्ता लपवणाऱ्या बाईंचं नाव अशा यादीत कोण घालणार? त्यासाठी ग्राहकाला स्वतःला ‘माझं रेकॉर्ड जपा’ असं सांगता आलं पाहिजे. आम्ही तशी खूण आता ठेवतो. अशा रेकॉर्डचा पत्ता झाकलेला असतो, तो पाहायला एक बटण दाबावं लागतं.

या बटणाने तर बाकी कशानेच झालं नाही इतकं काम सोपं केलं. आधी स्क्रीन उघडली की सगळं दिसायचं, त्यामुळे कोणी काय पाहिलं ते कळायचं नाही. आता फोनचे शेवटचे चार अंक दिसतात, पूर्ण हवा तर दाबा. बहुतेक कामं चार अंकांवर भागतात, असं लक्षात आलं. आणि जो दाबतो त्याची नोंद नेमकी होते: हा माणूस, हा रकाना, ही वेळ.

लिमिट लागते, पण दुसरीकडे

आकड्याची लिमिट निरुपयोगी आहे असं नाही. ती स्क्रीनवर लावू नका, एक्स्पोर्टवर लावा, आणि किती वेळा केला यापेक्षा किती ओळी बाहेर गेल्या ते मोजा. २०१७ मध्ये बूपा या आरोग्य विमा कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने ग्राहक सिस्टिममधून ठोक रिपोर्ट काढून आपल्या खासगी ईमेलवर पाठवले. ५,४७,००० ग्राहकांची माहिती गेली. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने पुढच्या वर्षी १,७५,००० पौंडांचा दंड केला. त्यांनी काढलेली चूक आपल्या विषयाची आहे: सिस्टिमला लॉग होता, पण तो नियमित पाहिला जात नव्हता, सिस्टिममधल्या दोषाचा कंपनीला पत्ताही नव्हता, आणि ठोक उपशासारखी वेगळी हालचाल ओळखायची सोय नव्हती.

एकदा फाइल बाहेर पडली की लॉग आंधळा होतो, हेही ध्यानात ठेवा. कॅनडातल्या देजार्दां या वित्तसंस्थेत सुमारे ९७ लाख लोकांची माहिती एका कर्मचाऱ्याने किमान २६ महिने बाहेर नेली. मूळ साठ्यावर बंधनं होती. पण इतर कर्मचारी आपल्या कामासाठी ती माहिती सामायिक फोल्डरमध्ये उतरवून ठेवत, आणि तिथे त्या माणसाला हात घालता येत होता. तेव्हा महिन्यातून एकदा सामायिक फोल्डरमध्ये तुमच्या खोट्या ग्राहकाचं नाव शोधा. जिथे सापडेल तिथे कोणीतरी यादी उतरवून ठेवलेली आहे.

अलर्ट एकदम थांबले तर

तर आनंद मानू नका, लॉग जिवंत आहे का ते पाहा. सिस्टिमची नवी आवृत्ती चढली, लॉगच्या ओळीचा साचा बदलला, वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ती ओळ कळेनाशी झाली, आणि आपण तीन आठवडे म्हणत राहिलो की लोक किती सुधारले! उपाय एकच: रोज ठरलेल्या वेळी एका जॉबने खोट्या ग्राहकाचं रेकॉर्ड उघडावं, आणि ती नोंद अर्ध्या तासात अलर्टच्या सिस्टिममध्ये पोचली नाही तर मोठ्याने ओरडावं.

लॉग जिथे ठेवता तिथे ॲप्लिकेशनच्या ॲडमिनला पुसायची परवानगी नको. पेमेंट कार्डांच्या पीसीआय डीएसएस मानकानुसार लॉग किमान १२ महिने ठेवावा लागतो आणि शेवटचे ३ महिने लगेच हाताशी असावे लागतात. तुम्हाला ते मानक लागू नसलं तरी हा अंदाज चांगला आहे, कारण तक्रारी उशिरा येतात. आणि लॉगमध्ये शोधाचे शब्द जसेच्या तसे साठवत असाल तर त्यात ग्राहकांची नावं, फोन नंबर सगळं आलं. म्हणजे लॉग हेच आणखी एक संवेदनशील रेकॉर्ड झालं. तो कोण वाचतो याचीही नोंद ठेवा. नाहीतर कुंपणच शेत खाईल.

विचारायचं कसं

टीम लीडला विचारलं की तो सवयीने “काम होतं” म्हणतो, कारण आपल्या माणसाला पाठीशी घालणं त्याला कर्तव्य वाटतं. म्हणून थेट त्या कर्मचाऱ्यालाच विचारा, लवकर विचारा, आणि आरोपाचा सूर लावू नका. आमचा मजकूर असा असतो: “काल दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी तुमच्या लॉगिनमधून हे रेकॉर्ड उघडलेलं दिसतंय, त्याला तिकीट जोडलेलं नाही. कोणत्या कामासाठी होतं ते आठवत असेल तर कळवाल का?” दुसऱ्याच दिवशी विचारलं तर माणसाला आठवतं. महिन्याने विचारलं तर खरं बोलणाराही चाचरतो. मात्र धागा नातेवाइकाचा किंवा ठोक एक्स्पोर्टचा असेल तर आधी विचारू नका. नोंदी सुरक्षित करा आणि एचआरला सोबत घ्या.

एकाने उत्तर दिलं होतं, “सर, त्या वेळी मी जागेवरच नव्हतो.” दाराच्या नोंदी पाहिल्या, खरंच नव्हता. स्क्रीन उघडी ठेवून गेला होता. त्या दिवशी स्क्रीन लॉक होण्याची वेळ पंधरा मिनिटांवरून दोनवर आणली. शिव्या खाल्ल्या, पण परत वाढवली नाही.

एवढं करूनही अलर्ट परत वाढले, तर आधी मागच्या महिन्यात काय बदललं ते पाहा. नवी टीम आली आणि तिच्या कामाची यादी जोडायची राहिली? कोणी विभाग बदलला आणि जुन्या परवानग्या तशाच राहिल्या? रिलीजमध्ये नवी स्क्रीन आली आणि चाचणीच्या कागदावर तिची ओळच नाही? आमच्याकडे आता ती ओळ कागदावर चढल्याशिवाय रिलीज पुढे जात नाही. गेल्या वेळी दोन दिवस अडली होती, शोधाच्या यादीत कोणीतरी पुन्हा जन्मतारखेचा रकाना टाकला म्हणून.